मा. रिक्तपद साहेबांना एका बाळंतिणीचे खुले पत्र

प्रति,
श्रीमान रिक्तपद साहेब,
मानसोपचारतज्ज्ञ (वर्ग १),
बाह्यरुग्ण विभाग, शेवटची खोली, कुलपामागे,
उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्टा, जि. ठाणे

विषय : आपल्या अखंड सेवेबद्दल आभार व एक अल्पशी मागणी

महोदय,

सा. न. वि. वि.

आपण मला भेटला नाहीत, याबद्दल प्रथम मनापासून आभार. आपल्या जागी एखादा साधा हाडामांसाचा डॉक्टर असता, तर त्याने मला आत बोलावले असते, बसायला सांगितले असते, ‘झोप लागते का?’ असे काहीबाही विचारले असते आणि मी भडाभडा रडले असते. सरकारी रुग्णालयात असला तमाशा बरा दिसत नाही. आपण माझी लाज राखलीत.

पत्र खुले आहे, चार लोक वाचतील. त्यांच्यासाठी आपली थोडी ओळख करून देते. रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवर डॉक्टरांच्या नावांचा फलक असतो. स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे नाव असते, बालरोगतज्ज्ञांपुढे नाव असते, भूलतज्ज्ञांपुढे निदान मोबाइल नंबर असतो. मानसोपचारतज्ज्ञांपुढे ‘रिक्त’ असे लिहिलेले असते. तेच आपले नाव असणार, असे मी धरून चालले. आडनाव नाही, त्यामुळे गाव कळत नाही, जात कळत नाही, कोणत्या पुढाऱ्याचा माणूस तेही कळत नाही. इतका निःपक्षपाती अधिकारी हल्ली कुठे मिळतो?

इतर अधिकारी बदलून जातात, प्रतिनियुक्तीवर जातात, रजा टाकतात, स्वेच्छानिवृत्ती घेऊन कल्याणला स्वतःचे रुग्णालय काढतात. आपण जागचे हललेले कुणी पाहिले नाही. वालधुनीला पूर आला तरी आपण हजर. बदलापूरच्या पुढे-मागे रुळांवर पाणी येऊन लोकल बंद पडली तरी आपण हजर. हजेरीचे यंत्र आपल्यासाठी बसवले असते, तर आपल्याला पदकच द्यावे लागले असते.

आपली-माझी गाठ कोणत्या रुग्णालयात पडली, ते लिहीत नाही. एका इमारतीत मावणारे व्यक्तिमत्त्व नाही आपले. शिवाय लहान रुग्णालयांतून आपले धाकटे बंधू, श्री. नामंजूरपद, काम पाहतात. तिथे मानसोपचारतज्ज्ञाचे पदच मंजूर नसते, म्हणून ते रिकामे आहे अशी तक्रारही कुणाला करता येत नाही. कर्तृत्वात ते आपल्यापेक्षा एक पायरी वर आहेत, पण आपण ते मनाला लावून घेऊ नका.

आपल्या भेटीचा खर्चही काही नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत सगळे मोफत झाले आहे. बाळाला दुपट्यात गुंडाळून, शेअर रिक्षाने येऊन, रांगेत उभी राहून मी आपल्याला भेटले नाही, त्याचा एक रुपयाही पडला नाही. स्वातंत्र्यदिनाची ही भेट मी विसरणार नाही.

माझे काम तसे क्षुल्लक होते. मुलगी झाली होती, सुखरूप होती, दूध पीत होती. फक्त ती झोपली की मला झोप लागत नसे आणि ती उठली की मला उठवत नसे. तिला न्हाऊ घालताना ती हातातून निसटून पाण्यात जाईल, असे चित्र सारखे डोळ्यांपुढे यायचे, म्हणून मी पाण्याच्या घंगाळाजवळ जायचे बंद केले. ती कुशीत असताना ही माझी मुलगी आहे, असे आतून वाटत नव्हते. ते कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण ज्याला त्याला पेढे हवे होते.

आपल्या खिडकीवरच्या भल्या माणसाने माझ्या शंकांचे जे निरसन केले, ते वाचकांसाठी जसेच्या तसे देते.

‘डॉक्टर नाहीत. पुढच्या महिन्यात या.’

‘पुढच्या महिन्यात कधी?’

‘बाहेरून टीम येते. वार ठरलेला असतो.’

‘कुठला वार?’

‘ते फोन करून विचारा.’

‘फोन कुणी उचलत नाही.’

‘मग येऊन बघा.’

त्या माणसाचा मला राग नाही. त्याच्या एका खिडकीत कुत्रा चावलेले, खोकला झालेले, अपंगत्वाचा दाखला मागणारे आणि आपले चाहते असे सगळेच उभे असतात. तो उत्तर देतो तरी. आपण तेवढीही तसदी घेत नाही, हा आपला मोठेपणा.

शासनाने माझ्या शरीराची जी काळजी घेतली, तिचे ऋणही या निमित्ताने मान्य करते. गरोदरपणात दर खेपेला वजन झाले, रक्तदाब झाला, हिमोग्लोबिन झाले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले, लोहाच्या गोळ्यांच्या पट्ट्या मोजून मिळाल्या. माता व बाल संरक्षण कार्डावर सगळे रकाने भरलेले आहेत. माझ्या कार्डावर मनाचा रकाना काही मला सापडला नाही. बरेच झाले. असता, तर तिथे काय लिहायचे, हे ठरवण्यासाठी पुन्हा आपल्यालाच बोलवावे लागले असते.

बाळंतपणानंतर आशाताईही घरी आली. रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईकडे तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. घरोघरी जाऊन नवजात बाळ वाचवण्याची ही रीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध करून दाखवली आणि साऱ्या देशाने ती उचलली. आशाताईने झोळीत घालून बाळाचे वजन केले, ताप पाहिला, नाळ पाहिली, दूध नीट ओढते का ते पाहिले. नमुन्यातला एकही रकाना तिने रिकामा सोडला नाही. निघताना माझ्याकडे बघून म्हणाली, ‘ताई, तुमचा चेहरा का असा?’ तो प्रश्न नमुन्यात नव्हता, त्यामुळे त्याचे उत्तर लिहायला जागा नव्हती. अशा सहा भेटींचे मिळून तिला २५० रुपये ठरलेले आहेत. चेहऱ्याचे वेगळे मिळत नाहीत.

मातृवंदना योजनेचेही उपकार आहेत. पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये, थेट बाईच्या खात्यात. त्यासाठी नोंदणी लागते, तपासणी लागते, बाळाचे लसीकरण लागते. आई बरी आहे का, असा दाखला लागत नाही. कागद जितके कमी तितके बरे.

आपल्या गैरहजेरीत माझे उपचार थांबले, असे मात्र कुणी समजू नये. हाडामांसाच्या मानसोपचारतज्ज्ञांचा आमच्याकडे तुटवडा नाही. आईने डिंकाचे लाडू केले, सासूबाईंनी अळिवाची खीर केली, शेक-शेगडी झाली, ओवा-शेपेची धुरी झाली. मावशींनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या आमच्या जुन्या शेजारीण आंटी साजूक तुपाचा डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘बेटा, टेन्शन मत लो, दूध सूख जाएगा.’ एकीने सांगितले, बाळाच्या तोंडाकडे बघ, सगळे विसरशील. दुसरीने सांगितले, आम्ही नाही का चार-चार काढली? तिसरी आजीबाई दारातच म्हणाली, ‘पहिली बेटी, धनाची पेटी,’ आणि असा सुस्कारा टाकला की पेटीत काही नाही, हे तिला आधीच कळले असावे.

यातल्या प्रत्येकीचे निदान चुकले, पण प्रत्येक जण दार उघडून आत आली. हा फरक आपल्या लक्षात आणून देण्याची माझी पात्रता नाही.

सव्वा महिन्यानंतर तेही दवाखाने बंद झाले. आई गावी परतली. नवरा सकाळी सहाच्या सुमाराची लोकल धरतो आणि रात्री नवाच्या पुढे घरी येतो. तो लांब नोकरीला जातो, जसे बदलापुरात घर घेतलेले बरेच जण जातात. दादर-परळ-गिरगावातल्या दीड खोलीतून परवडेल असे घर शोधत माणसे इथवर आली. घराला खोल्या मिळाल्या, पण पूर्वी चाळीत रडणारे मूल उचलून नेणारी जी शेजारीण असायची, ती मागेच राहिली. सातव्या मजल्यावर दार लावून बसलेल्या बाळंतिणीचा आवाज खाली येत नाही. त्यामुळे आपल्या झोपेतही व्यत्यय येत नाही.

आपल्याला वाटेल, ही बाई जास्त शिकल्यामुळे नसते लाड करून घेते आहे. साहेब, बायांच्या या लाडांची मोजदाद झाली आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात बाळंत झालेल्या दर १०० जणींपैकी सुमारे १३ जणींना मानसिक आजार होतो, तोही मुख्यतः नैराश्य. भारतातले अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली त्याच संघटनेच्या नियतकालिकात छापलेला आकडा २२ टक्के आहे. म्हणजे लसीकरणाच्या रांगेतली जवळजवळ दर पाचवी आई आपली रुग्ण आहे. आपला पसारा केवढा मोठा आहे, हे आपल्यालाच ठाऊक नसेल म्हणून सांगितले.

आमच्या शेजारच्या गोव्यात तर वीस वर्षांपूर्वीच हे पाहून झाले होते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशात बाळंत झालेल्या बायकांचा अभ्यास केला आणि तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होते. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, ही त्यामागची कारणे निघाली. आणखी एक गोष्ट निघाली : त्यांतल्या ७८ टक्के जणींना गरोदरपणातच मनाचा त्रास सुरू झालेला होता. त्याच नऊ महिन्यांत कुणीतरी त्यांचे वजन करत होते, रक्तदाब घेत होते. समोरासमोर बसून, हातात हात धरून, नाडी मोजून त्यांना परत पाठवले जात होते.

आता थोडा हिशेब. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या वर होती. (२०२१ ची जनगणना झाली नाही. तिच्याशी आपले नाते जवळचे असणार.) दर लाख लोकांमागे तीन मानसोपचारतज्ज्ञ असावेत, असे मानतात. त्या मापाने आमच्या पट्ट्याला २८ लागतील. देशात प्रत्यक्षात लाखामागे पाऊण आहेत, असे संसदेच्या आरोग्यविषयक समितीने २०२३ साली नोंदवले. तसे पाहिले तर आमच्या वाट्याला सात येतात. सरकारी, खासगी, मुलांचे, म्हाताऱ्यांचे, दारू सोडवणारे असे सगळे धरून सात. उरलेले २१ म्हणजे आपण. 

‘ठाण्याला दाखवा,’ असा सल्ला आपल्या खिडकीतून मिळाला, त्याबद्दलही आभार. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. आमच्या भागात ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य पोर शाळेत जाण्याआधी शिकते, आणि ते नेमके कुठे पाठवायचे, हे त्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. त्या वाक्यावर माझे सासर-माहेर दोन्हीकडचे लोक आयुष्यभर हसले आहेत. आता त्यांनाच सांगायचे, की मला ठाण्याला जायचे आहे. आपण माझ्यासाठी एक दार बंद ठेवलेत आणि दुसरे उघडे ठेवलेत, तेही असे की ज्यातून जाताना सगळ्यांनी पाहावे.

प्रवासाचे म्हणाल, तर तोही आरोग्याला हितकारकच. सकाळच्या लोकलला बदलापूरला बाळ घेऊन चढता येते. अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण, डोंबिवली करत डबा असा भरतो, की ठाण्याला उतरता येईल याची हमी रेल्वेही देत नाही. टाके ओले आहेत, पिशवीत दुपटी आहेत, छातीला पान्हा फुटलेला आहे, आणि भोवतीच्या बायका म्हणताहेत, ‘एवढ्या गर्दीत लहान बाळ घेऊन कशाला निघालीस गं?’ त्यांना आपला पत्ता द्यावा म्हटले, पण आपली कीर्ती त्यांना आधीच ठाऊक होती.

कायदा मात्र आपल्याहून भाबडा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ मध्ये लिहिले आहे, की या उपचारांसाठी कुणालाही लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा राहत्या ठिकाणाच्या जवळ मिळावी. जिल्ह्यात किमान सेवाही नसेल, तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसावा, असेही त्यात आहे. आपल्या वकिलांना इथे फार श्रम नाहीत. ‘जिल्ह्यात सेवा आहे की, ठाण्याला!’ एवढे म्हटले की खर्चाचे कलम मिटते. लांबच्या प्रवासाचे कलम तेवढे उरते. ते बहुधा लोकलमध्ये न चढलेल्या माणसाने लिहिले असावे, म्हणून इतके चांगले उतरले आहे.

त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये आणखी एक माया आहे. आईला उपचारासाठी दाखल करावे लागले, तर तीन वर्षांखालचे मूल शक्यतो तिच्यापासून तोडू नये. तोडावेच लागले, तर त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी पुन्हा विचार व्हावा. आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून आईवर उपचार करणारा स्वतंत्र विभाग देशात पहिल्यांदा बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसोपचार संस्थेत २००९ साली सुरू झाला. बेंगळुरूला जाणारी उद्यान एक्स्प्रेस आमच्या बदलापूरवरूनच जाते. थांबत नाही. ती आपल्याच खात्यातली असावी, असा मला दाट संशय आहे.

इथवर मी गोड बोलले. एका गोष्टीत मला गोड बोलता येत नाही, त्याची आपण क्षमा करावी.

हजार बाळंतपणांत एक-दोन बायकांना नैराश्याच्याही पलीकडचा आजार होतो. तो बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच उठतो. बाई दोन-दोन दिवस झोपत नाही, भलतेच बोलते, कुणीतरी बाळ बदलले आहे असे तिला वाटते, कुणी आज्ञा देते आहे असे ऐकू येते. घरचे म्हणतात, बाहेरचे लागले. मग अंगारा होतो, मांत्रिक होतो. त्याच दिवशी रुग्णालयात नेले, तर ती बहुतेकदा पूर्ण बरी होते आणि काही महिन्यांनी तेच मूल कडेवर घेऊन बाजारात भाजी निवडताना दिसते. नेले नाही, तर आई आणि मूल दोघांच्या जिवाला धोका असतो. अशा बाईच्या नवऱ्याला आपल्या खिडकीतून ‘पुढच्या महिन्यात या’ असे सांगितले जाते, तेव्हा पुढच्या महिन्यात कोण येणार, याचा आपण कधी अंदाज बांधला आहे का?

असो. पत्राचा सूर बिघडू नये.

रात्री आपल्याला पर्याय म्हणून एक फोन नंबर आहे, हे मी वाचकांना सांगितले तर आपल्याला राग येणार नाही, अशी आशा आहे. १४४१६, टेलिमानस. १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारने ही सेवा सुरू केली. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येते. मी तो एका रात्री तीनच्या सुमारास लावला. पलीकडे माणूस होता. त्याने मला मध्ये न तोडता ऐकून घेतले. सरकारी यंत्रणेत आपल्याखेरीजही कुणी काम करते, हे कळल्यावर मला जो धक्का बसला, त्यातून सावरायला वेळ लागला. गरज दिसली तर फोनवरून प्रत्यक्ष डॉक्टरला दाखवायला सांगतात आणि ते बरोबरच आहे. तिथून फिरून आपल्या कुलपापाशी यायचे असते, हा काही फोनचा दोष नाही.

मी अखेर कल्याणच्या खासगी डॉक्टरांकडे गेले. बारशाला आलेली पाकिटे फी आणि गोळ्यांमध्ये गेली. बाळाच्या आत्याने दिलेल्या पाकिटातून पहिली भेट झाली, मामाच्या पाकिटातून दुसरी. विम्याच्या कंपनीने शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही संरक्षण द्यावे, असे तोच कायदा सांगतो. पण विमा असायला आधी विमा काढलेला लागतो, आणि त्याआधी पगार लागतो. आता मी बरी आहे. माझी आठवण ठेवून आपण चौकशी केली नाहीत, याबद्दल आभारी आहे.

आता एक गुपित. ते ऐकताना आपण खुर्चीत नीट सावरून बसावे. म्हणजे, खुर्चीत कुणी असेल तर.

साहेब, आपल्यावाचून बरेच काही चालू शकते. बाळंतिणीचे नैराश्य ओळखायची दहा प्रश्नांची एक यादी १९८७ साली स्कॉटलंडमधल्या तिघांनी तयार केली. पाच-दहा मिनिटांत ती भरून होते. तेवढाही वेळ नसेल, तर ब्रिटनमध्ये सुरुवातीला दोनच प्रश्न विचारतात : गेल्या महिन्यात तुम्हाला उदास, निराश वाटत राहिले का? आणि कशातच रस वाटेनासा झाला का? याला वर्ग १ लागत नाही, वर्ग ४ लागत नाही. विचारणारे माणूस आणि उत्तराची वाट पाहण्याची तयारी लागते.

उत्तर ‘हो’ आले तर काय करायचे, तेही गोव्यात करून पाहिले आहे. तिथे मुले वाढवलेल्या साध्या गृहिणींना शिकवून तयार केले आणि नाव दिले सखी. त्या नैराश्यातल्या गरोदर बायकांच्या घरी जात, बाळंतपणानंतरही जात. २८० बायकांवर हा प्रयोग झाला आणि २०१९ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, सखी जिच्याकडे गेली त्या गटातल्या ७३ टक्के बायका नैराश्यातून बाहेर आल्या होत्या. जिच्याकडे गेली नाही त्या गटात ६०. केरळने ‘अम्मा मनस्सु’ या नावाने तपासणीतच आयांच्या मनाची विचारपूस सुरू केली. गंभीर आजाराला डॉक्टर लागतोच, आणि तो जवळ लागतो. पण रांगेतल्या सगळ्यांनाच आपल्या दारात उभे करायची गरज नव्हती.

म्हणूनच आताशा मला आपली दया येते. आपल्याला उगीच बदनाम केले आहे. आपण रिकामे आहात, म्हणून दोन प्रश्नही विचारायचे नाहीत, हे ठरवणारी माणसे वेगळी आहेत. त्यांची पदे भरलेली आहेत, त्यांना गाड्या आहेत, त्यांच्या दारावर नावाच्या पाट्या आहेत. ‘तज्ज्ञच नाही तर काय करणार?’ असे म्हणून ते आपल्या आडोशाला बसतात. इतकी वर्षे आपण त्यांना सावली दिलीत, पण त्यांनी साधा आपला सत्कार केला नाही.

तेव्हा नम्र विनंती, की आपण आता सेवानिवृत्ती घ्यावी. निरोप समारंभाचा खर्च आम्ही तिन्ही शहरांतल्या बाळंतिणी वर्गणी काढून करू. शाल, श्रीफळ आणि डिंकाचे लाडू देऊ. आपल्या जागी डॉक्टर येईपर्यंत निदान टीमचा वार फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून जावे. कार्डावर दोन प्रश्नांचा रकाना वाढवून जावे. आणि आशाताईने ते विचारायचे असतील, तर त्याचा मोबदलाही आदेशातच लिहून जावे. तिच्या पदरात फुकटची कामे पुष्कळ आहेत.

सोबत खासगी डॉक्टरांचे आणि औषधांचे बिल जोडले आहे. कलम १८ प्रमाणे ते कुणी भरायचे, यावर आपल्याकडे टिपणी तयार होईल, फाइल फिरेल आणि शेवटी ती सहीसाठी आपल्याच टेबलावर येईल, याची मला कल्पना आहे. म्हणून त्याची एक प्रत ज्यांची पदे भरलेली आहेत, त्यांनाही पाठवत आहे.

कळावे, लोभ आहेच, तो कमी व्हावा ही विनंती.

आपली कृपाभिलाषी,
बदलापूर (पूर्व) येथील एक बाळंतीण

ता. क. : मुलीचे वजन उत्तम वाढते आहे, सगळ्या लसी वेळेवर झाल्या आहेत. हे पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते, म्हणजे पुढचे वाचायचे आपले कष्ट वाचले असते.